आयटीआय इलेक्ट्रिशियन आणि जर्मनीतली मान्यता: इथूनच करून जावं की तिकडे गेल्यावर?

निशिगंधा_चिंचवड (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतेय. "तिथे सगळे इंजिनियर असतात, मला हसतील" म्हणून तो स्वतः लिहायला तयार नाही.

वय २९. साताऱ्याकडच्या सरकारी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा ट्रेड, २०१६ ला पास. पुढे एक वर्ष अप्रेंटिसशिप, त्याचं एनएसी (अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र) आहे. त्यानंतर चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला. आधी ठेकेदाराच्या रोलवर होता, नंतर कंपनीने कायम केलं. जर्मन भाषेची ए२ पातळी झालीय, त्यापुढच्या बी१ चा क्लास सुरू आहे.

श्टुटगार्टजवळच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने ऑनलाइन मुलाखती घेऊन त्याला पसंत केलंय. वर्षाला ३८,००० युरो म्हणतात. आता घोडं अडलंय ते "तुमचं शिक्षण इथे मान्य करून घ्या" यावर. पुण्यातला एक एजंट म्हणतो, अडीच लाख द्या, अपोस्टिलसकट (कागद परदेशात चालावेत म्हणून लावायचा सरकारी शिक्का) सगळं करून देतो, मान्यतेची शंभर टक्के हमी. आई म्हणते देऊन टाका. मला ते पटत नाहीये.

तर मान्यता नेमकी देतं कोण, इथे बसून करायची की तिकडे जाऊन, आणि एजंट खरंच लागतो का? कोणी या वाटेने गेलं असेल तर लिहा.

चकोर_२०
रुमाल टाकून ठेवतो. मेव्हणा याच रांगेत आहे.

नेकारकाठी
ताई, पहिलं म्हणजे एजंटला नमस्कार करून घरी या. हमी कोणीच देऊ शकत नाही, कारण निर्णय ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे फाइल जाते आणि ते कागद बघून ठरवतात. शिवाय आपल्याकडे परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटने उमेदवाराकडून तीस हजार आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घ्यायचं नाही असा नियम आहे. अडीच लाख कसले मागतोय तो?

आता मान्यता देतं कोण. जर्मनीत परदेशी व्यवसाय शिक्षणाची तुलना करून घेण्याचा हक्क २०१२ च्या कायद्याने मिळाला. त्यासाठी आधी तिथला कोणता व्यवसाय तुमच्या कामाशी जुळतो ते ठरवावं लागतं, आणि लोक चुकतात ते इथेच. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन म्हणजे इलेक्ट्रिशियन. तिकडे घरं-इमारतींचं वायरिंग करणारा वेगळा आणि कारखान्यातली यंत्रणा सांभाळणारा वेगळा. पहिल्याचा अर्ज त्या त्या भागातल्या हांडवेर्क्सकामरकडे (कारागीर व्यवसायांच्या चेंबरकडे) जातो, दुसऱ्याचा न्यूर्नबर्गच्या आयएचके फोसाकडे (उद्योग-व्यापार चेंबरांच्या मान्यता केंद्राकडे). तुमचा भाऊ चाकणला मेंटेनन्सला आहे म्हणजे त्याने 'एलेक्ट्रॉनिकर फ्युर बेट्रीब्सटेक्निक' (कारखान्यातला इलेक्ट्रिशियन) धरून फोसाकडे जावं. इमारतीवाला व्यवसाय धरला तर त्याचा सगळा अनुभव वाया.

अर्ज, आयटीआयचं प्रमाणपत्र, चारही सेमिस्टरच्या गुणपत्रिका, एनएसी, अनुभवाची पत्रं, शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर. फी काहीशे युरो. सगळे कागद पोचले की तीन महिन्यांत निर्णय द्यावा असं कायदा म्हणतो. 'सगळे कागद पोचले की' हे शब्द मात्र दोनदा वाचा.

निकाल तीन प्रकारचे. पूर्ण समकक्ष, अंशतः समकक्ष, किंवा नाही. आपल्या दोन वर्षांच्या ट्रेडसमोर त्यांचा साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यामुळे बहुतेकांना 'अंशतः' मिळतं. ते वाईट नाही. काय काय कमी आहे ते पत्रात लिहून येतं आणि तेवढंच भरून काढायचं असतं.

झुणका_भाकर
'अंशतः समकक्ष' हे मला लग्नाआधी सासऱ्यांनी तोंडी सांगितलं होतं. उरलेलं अजून भरतोय.

वायरमन_मिरज
आमचं मत वेगळं हाय. मी मस्कतला होतो, नंतर कतारला. कुणी इचारलं नाही आयटीआयचा दाखला कुठाय म्हणून. मुंबईत कुर्ल्याला ट्रेड टेस्ट घेतली. बोर्डावर स्टार-डेल्टा स्टार्टर जोडून दाखव म्हटला सायेब. जोडला, मोटर फिरली, पासपोर्ट ठेवून घेतला, झालं. ह्या युरोपवाल्यांचे नखरे लई. हाताला काम येतंय का नाही ते बघा की! कागदं कसली बघताय?

दम्माम_ते_दापोली
मिरजकर, तुमच्या वेळी तसंच होतं. आता सौदीचं बदललंय. त्यांनी स्किल व्हेरिफिकेशन सुरू केलंय, ताकामोल नावाची त्यांची संस्था ते बघते. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसीवाले वगैरे ट्रेडना भारतातच केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, लेखी आणि प्रात्यक्षिक. ते सर्टिफिकेट नसेल तर व्हिसाचं पुढे सरकत नाही. आमच्या गावचा एक पोरगा वीस वर्षं मोटारी दुरुस्त करतोय, लेखीत अडकला. संगणकावर उत्तर निवडायचं म्हणजे काय तेच त्याला नवीन.

दुबईचं आणखी निराळं. यूएई अपोस्टिल मानत नाही. मंत्रालयातून, मग परराष्ट्र मंत्रालयातून, मग त्यांच्या वकिलातीतून असे शिक्के मारत न्यायचे.

नेकारकाठी
अपोस्टिलचा विषय निघालाच आहे तर धागाकर्तीसाठी: भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात गेला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवलाय. म्हणजे आपलं अपोस्टिल जर्मनीच्या बाबतीत कामाचं नाही. 'अपोस्टिलसकट पॅकेज' विकणाऱ्याला ही एवढी गोष्ट माहीत नसेल, तर बाकीच्या हमीचं काय ते समजा. आणि माहीत असूनही विकत असेल तर बघायलाच नको.

वऱ्हाडी_ठेचा
सायबा, हे लय कामाचं सांगतलं. आमच्या इकडं अकोल्यात यायनं तीन पोरायकडून अपोस्टिलचे पैसे घेतले न जी जर्मनीसाठी.

मीटरबॉक्स
मी मानहाइमला आहे, याच वाटेने आलो. नाशिकला सातपूरमध्ये होतो. मिरजकरांच्या 'हाताला काम येतंय का ते बघा' या मुद्द्यावर लिहितो, कारण आल्या आल्या मीही हेच म्हणायचो.

आपल्याकडचं जुनं वायरिंग आठवा. लाल, पिवळा, निळा हे तीन फेज आणि काळा न्यूट्रल. जर्मनीत तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे दहा वर्षं ज्या काळ्या वायरला आपण बिनधास्त हात लावला, तिच्यात तिथे २३० व्होल्ट, आणि ज्या निळीला घाबरलो ती न्यूट्रल. पहिल्याच आठवड्यात मी पॅनल उघडलं, हात आपोआप काळ्या वायरकडे गेला. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या सहकाऱ्याने माझं मनगट धरलं. ओरडला नाही. टेस्टर हातात दिला आणि पाच बोटं दाखवली. तिथे पाच नियम पाठ असावे लागतात: सप्लाय तोडा, कोणी परत चालू करणार नाही अशी सोय करा, व्होल्टेज नाही हे मोजून खात्री करा, अर्थ करून शॉर्ट करा, शेजारचे चालू भाग झाका. आपल्याकडेही हे शिकवतात, पण लाइन चालू ठेवून काम करणाऱ्यालाच हुशार समजतात.

दुसरं मोजमाप. काम झालं की दिवा लागला म्हणून निघून जायचं नाही. अर्थची सलगता, इन्सुलेशन, लूप इंपीडन्स, आरसीडी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) किती मिलिसेकंदात पडला, सगळं मोजून तक्त्यात भरून सही करायची. मला 'अंशतः' मिळालं तेव्हा पत्रात कमी म्हणून हेच लिहिलं होतं: तिथल्या मानकांनुसार तपासणी, आणि पीएलसीवरची (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकावरची) नियंत्रणं. ते कंपनीतच काम करता करता शिकलो, कंपनीने तसं लिहून दिलं, पुन्हा अर्ज केला, पूर्ण मान्यता आली. वेगळी परीक्षा द्यावी लागली नाही.

वायरमन_मिरज
हे मनगट धरलेलं वाचून गप्प बसलो. निळ्याला न्यूट्रल म्हंत्यात व्हय! आमचा एक माणूस गेला असता.

पॅरामॅटा_पाटील
ऑस्ट्रेलियात पक्क्या वायरिंगचा न्यूट्रल काळाच, त्यामुळे आपल्याला बरं. बाकी काही बरं नाही :)

इथे इलेक्ट्रिशियन म्हणजे परवानाधारक. स्वतःच्या घरातला सॉकेटसुद्धा परवान्याशिवाय बदलता येत नाही. बाहेरून येणाऱ्याला आधी टीआरए या सरकारी संस्थेची कौशल्य तपासणी: कागद, तांत्रिक मुलाखत, प्रात्यक्षिक. पास झालं की ओटीएसआर (तांत्रिक कौशल्याची नोंद) मिळतं, त्याला पूर्ण मान्यता समजू नका. त्यावर राज्याचा तात्पुरता परवाना, मग इथल्या नियमांचा पूरक कोर्स आणि देखरेखीखाली काम, मग सर्टिफिकेट थ्री, आणि त्यानंतर खरा परवाना. प्रत्येक राज्याचं कार्यालय वेगळं. न्यू साउथ वेल्समध्ये राहायचं ठरवलं असेल तर त्यांचंच संकेतस्थळ वाचा, क्वीन्सलंडच्या मित्राचा सल्ला घेऊ नका.

ब्रॅम्प्टनची_सून
अवांतर होतंय पण कॅनडाचंही लिहिते, नवरा यातूनच गेला. ऑन्टारिओत इलेक्ट्रिशियनचं काम परवान्याशिवाय करता येत नाही, ३०९ए म्हणतात त्याला. इथली अप्रेंटिसशिप ९,००० तासांची. बाहेरचा अनुभव तेवढ्या तोडीचा आहे हे दाखवता आलं तर थेट परीक्षेला बसू देतात, पास व्हायला ७० टक्के. परीक्षा कठीण नाही, 'दाखवता येणं' कठीण. जुन्या मालकाने कोणती कामं किती तास केली ते पत्रात लिहून द्यायला हवं. ठाण्याच्या त्याच्या जुन्या कंपनीला आधी हेच समजेना की नोकरी सोडून गेलेल्या माणसासाठी एवढं का लिहायचं.

आणि इथली घरं लाकडी. नवरा पहिल्यांदा भिंत उघडून बघून म्हणाला, "अगं, यात कन्ड्युट कुठाय?"

झुणका_भाकर
कन्ड्युट नसलेल्या घरात लेक दिली म्हणून तुमच्या वडिलांनी काही म्हटलं नाही का?

निशिगंधा_चिंचवड
सगळ्यांचे आभार. एजंटचा विषय आईकडे मिटवला (नेकारकाठींचा प्रतिसाद वाचून दाखवला, अपोस्टिलवर ती गप्प झाली).

ब्रॅम्प्टनताई, तुम्ही लिहिलंत तीच अडचण इथे आलीय. एचआरने दिलेलं पत्र असं: "श्री. अमुक हे आमच्याकडे या तारखेपासून या तारखेपर्यंत टेक्निशियन म्हणून कार्यरत होते. त्यांची वर्तणूक समाधानकारक होती. त्यांच्या भावी वाटचालीस शुभेच्छा." बस्स. ठेकेदाराच्या वेळचं तर काहीच नाही. ठेकेदार फोन उचलतो आणि "देतो देतो" म्हणतो.

आजोबा_शिल्पनिदेशक
मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवून निवृत्त झालो. वयाने मोठा आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो, चालवून घ्यावे.

बाळ, वर्तणूक समाधानकारक असल्याचा न्यूर्नबर्गला काही उपयोग नाही. तेथे बसलेला माणूस अभ्यासक्रम समोर ठेवून एकेक मुद्दा जुळवत असतो. पत्राचा मसुदा आपणच करून एचआरला द्यावा, त्यांनी लेटरहेडवर छापून सही-शिक्का करावा. मसुद्यात अशी वाक्ये हवीत: "तीन फेज इंडक्शन मोटरची देखभाल व दुरुस्ती, स्टार-डेल्टा व डीओएल स्टार्टरची जोडणी, व्हीएफडीचे पॅरामीटर भरणे, ड्रॉइंगवरून कंट्रोल पॅनलचे वायरिंग, मेगरने इन्सुलेशन तपासणी, अर्थ पिटचा रोध मोजून नोंद ठेवणे, पीएलसीच्या इनपुट-आउटपुटवरून दोष शोधणे." जे केले तेच लिहावे, कारण पुढे कामावर तेच विचारतील. आठवड्याचे तासही नमूद करावेत.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. ज्या वर्षी शिकलात त्या वर्षीचा अभ्यासक्रम जोडावा. २०१३ ते २०१८ सेमिस्टर पद्धत होती, आधी आणि नंतर वार्षिक. आजचा अभ्यासक्रम उतरवून जोडला तर गुणपत्रिकेशी त्याचा मेळ बसत नाही आणि विनाकारण पत्रव्यवहार वाढतो. आपल्या आयटीआयच्या प्राचार्यांकडून त्या काळच्या प्रतीवर सही-शिक्का घ्यावा. नावाचे स्पेलिंग पासपोर्ट, प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका तिन्हींत एकच आहे ना तेही पाहावे. वडिलांचे नाव कधी मध्ये, कधी शेवटी, कधी गायबच. माझ्या विद्यार्थ्यांचे सर्वांत जास्त अर्ज याच एका गोष्टीवर लोंबकळले.

ठेकेदाराच्या काळासाठी भविष्य निर्वाह निधीची सेवा-नोंद काढावी. तीत कोणत्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत होता ते दिसते. काम काय केले ते त्यात नसते, ते त्या वेळच्या सुपरवायझरने लिहून द्यावे.

वऱ्हाडी_ठेचा
सर, दंडवत. वाचनखूण साठवली.

चकोर_२०
आजोबा, ठेकेदाराने पीएफ भरलाच नसेल तर?

आजोबा_शिल्पनिदेशक
मग बँकेचे पगार जमा झालेले उतारे, ईएसआयसीचे कार्ड, गेट पास, जे हाती लागेल ते. जर्मनीच्या कायद्यात कागद अपुरे असतील तर प्रत्यक्ष काम करवून कौशल्य तपासण्याचीही सोय आहे. पण तो उपाय शेवटचा.

कट्टर_पुणेकर
माझं मत जरा कडू लागेल. हे सगळं करण्यापेक्षा सरळ आउसबिल्डुंगला (तिथल्या अप्रेंटिसशिपला) जावं. साडेतीन वर्षं कंपनीत काम आणि शाळा, पहिल्या वर्षी महिना हजार-बाराशे युरो, शेवटी जर्मन माणसाच्या हातात असतं तेच प्रमाणपत्र. आपल्या आयटीआयच्या दर्जाबद्दल न बोललेलं बरं. एका मोटरभोवती वीस पोरं उभी आणि वही मात्र सगळ्यांची पूर्ण.

आजोबा_शिल्पनिदेशक
वीस पोरे उभी होती हे खरे आहे. ती मोटर सोडून जोडायला शिकून बाहेर पडलेली पोरेही खरी आहेत. चाकण, वाळूज, सातपूरचे कारखाने कोण चालवते?

मीटरबॉक्स
पुणेकर, २९ व्या वर्षी, नऊ वर्षं काम केल्यावर, सतरा वर्षांच्या मुलांबरोबर पहिल्या वर्षाला बसायचं? एकोणिसाव्या वर्षी बारावी करून निघणाऱ्याला आउसबिल्डुंग उत्तम, बी१ मात्र आधी हवं. या भावाला नाही. त्याच्या हातात आहे ते फेकून पुन्हा शून्यापासून सुरू करायचं काय कारण?

कट्टर_पुणेकर
आयटीआयबद्दलचं माझं मत कायम. वयाचा मुद्दा मान्य.

पॉपकॉर्न_घेऊन
पुणेकराने 'मान्य' लिहिलं. धागा सार्थकी लागला.

६जी_वेल्डर
इलेक्ट्रिशियनांनो, तुमचं एकदा पास झालं की झालं. वेल्डरचं बघा. माझ्याकडे आयटीआय आहे, वर कसल्या कसल्या टेस्टचे कागद आहेत, आणि तरी प्रत्येक नव्या साइटच्या गेटवर परत कूपन (चाचणीचा तुकडा जोडून दाखवायचा). सहा इंची पाइप पंचेचाळीस अंशात कायम बांधलेला, हलवायचा नाही, आपणच त्याच्या खाली-वर होत जोड भरायचा. मग एक्स-रे. त्यात एक बारीक पोकळी दिसली की घरी. युरोपात आयएसओ ९६०६ चं प्रमाणपत्र चालतं, पण दर सहा महिन्यांनी मालकाने 'हा माणूस वेल्डिंग करतोय' असं सही करून द्यायचं. सुट्टीवर जास्त राहिलास आणि सही चुकली तर प्रमाणपत्र मेलं. त्यामुळे आमचं मत मिरजकरांसारखंच, हात बघा. आमचा तर दर वेळी बघतातच.

गोंयकार_माणूस
आमच्या गोंयची गजाल वेगळी. माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, बाबा १९६१ च्या आधीचे. त्यामुळे जर्मनीत यायला व्हिसाच लागला नाही आणि मी ठरवलं, आता मान्यतेची कटकट कशाला! कारखान्यात लागलो तो मदतनीस म्हणून. शेजारचा पोर्‍या माझंच काम करतो, पण त्याच्याकडे कागद आहे म्हणून त्याचा पगारगट वरचा. मशीन मी दुरुस्त करतो, सही तो करतो. आता अर्ज टाकलाय. तेव्हा व्हिसाचा प्रश्न नसला तरी मान्यता घ्याच, असं माझं म्हणणं.

महाराष्ट्र_माझा
एक प्रश्न. आपल्या सरकारचा बाडेन-वुर्टेमबर्गशी २०२४ च्या फेब्रुवारीत करार झालाय ना? दहा हजार कुशल लोक पाठवायचा पथदर्शी प्रकल्प. मग हे सगळं करायची गरज काय?

नेकारकाठी
करार आहे, भाषा शिकवून पाठवायची कल्पनाही त्यात आहे. पण मान्यतेचा कायदा जर्मनीच्या केंद्राचा. राज्याराज्यांतल्या करारामुळे आयटीआय आपोआप समकक्ष होत नाही. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, म्हणून श्टुटगार्टच्या ट्रॅममध्ये मुंबईचा पास चालतो का?

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण ताई दोन दिवस वाट बघतायत आणि आपण पार कॅनडापर्यंत फिरून आलो.

आधी की नंतर? २०२४ च्या मार्चपासून तीन वाटा आहेत.

एक, इथूनच मान्यता मिळवून जायचं. पूर्ण मिळाली तर कुशल कामगाराचा व्हिसा. अंशतः मिळाली तर उरलेलं भरून काढण्यासाठीचा व्हिसा.

दोन, मान्यतेशिवाय, अनुभवावर. मायदेशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं शिक्षण, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव, आणि पगाराची अट. २०२५ साठी ती वर्षाला ४३,४७० युरो होती. भावाला ३८,००० देतायत, म्हणजे ही वाट बंद. कंपनी कामगार करारात (कामगार संघटनेशी झालेल्या पगाराच्या करारात) बांधलेली असेल आणि त्या करारानुसार पगार देत असेल तर मात्र हा आकडा आडवा येत नाही, म्हणून हे एकदा विचारून घ्या.

तीन, 'मान्यता भागीदारी'. ए२ जर्मन, दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण, आणि कंपनीशी करार की आल्यावर दोघं मिळून मान्यतेचा अर्ज करू. पहिल्या दिवसापासून काम आणि पगार, मुक्काम आधी एक वर्ष, वाढवत तीनपर्यंत. भावाच्या कागदांवरून बघता ही वाट त्याच्यासाठीच केलीय असं वाटतं. अट एवढीच की कंपनी खरोखर शिकवणारी हवी.

मीटरबॉक्स
नेकारकाठींशी थोडा असहमत. तिसरी वाट कागदावर छान आहे, पण मी त्याच्या जागी असतो तर फोसाचा अर्ज इथूनच टाकला असता. कारण असं. जर्मनीत विजेचं काम कुशल माणसानेच किंवा त्याच्या देखरेखीखाली करायचं असा कामगार सुरक्षेचा नियम आहे, डीजीयूव्ही नियम ३. व्हिसा कुठलाही असो, पत्र हातात नसेल तर कंपनी त्याला पॅनल एकट्याने उघडू देणार नाही. गोंयकारांचं झालं तेच. आणि शिफ्ट, नवी भाषा, थंडी यांत एकदा माणूस अडकला की आयटीआयच्या प्राचार्यांची सही साताऱ्याहून मागवायला कोण बसणार? सगळे कागद इथे आहेत, सही देणारेही इथेच आहेत.

नेकारकाठी
कागद इथूनच जमवायचे यात वाद नाहीच. पण निकाल येईपर्यंत थांबायचं की नाही हे कंपनी किती थांबेल त्यावर. चांगली कंपनी असेल आणि घाईत असेल तर तिसऱ्या वाटेने जा, जाताना फाइल पूर्ण घेऊन जा. कंपनी थांबायला तयार असेल तर मीटरबॉक्स म्हणतात तसं. मुंबईत इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स आहे, तिथे मान्यतेबद्दल सल्ला मिळतो. अडीच लाख देण्याआधी तिथे एक मेल करायला काय जातं!

सिस्टर_सोलापूर
नर्सिंगवाल्या कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: हे नियम आपल्याला लागू नाहीत. आपला व्यवसाय तिथे नियंत्रित आहे, मान्यतेशिवाय नर्स म्हणून काम नाहीच, आणि भाषा साधारण बी२. वेगळा धागा काढते.

निशिगंधा_चिंचवड
सिस्टर, जरूर काढा.

कंपनीला विचारलं. कामगार करारात नाहीत, त्यामुळे दुसरी वाट गेली. पण थांबायला तयार आहेत, आणि "तिसऱ्या प्रकाराने आणायचं असेल तर आमची हरकत नाही" असंही म्हणाले. तेव्हा ठरलंय असं: फोसाचा अर्ज इथून जाणार, कंपनीला दोन्हीबद्दल सांगून ठेवलंय. आजोबांच्या वाक्यांवरून मसुदा केला. एचआरच्या बाईंनी "एवढं सगळं हा करायचा?" म्हणून मेंटेनन्स मॅनेजरला बोलावलं, त्यांनी वाचून दोन कामं स्वतःहून वाढवली. ठेकेदाराचं पत्र अजून नाही, पीएफची नोंद मिळाली. चार सेमिस्टरपैकी दुसऱ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेत आडनावात एक 'ए' कमी आहे, त्यासाठी भाऊ उद्या आयटीआयला चाललाय.

आजोबा_शिल्पनिदेशक
सकाळी लवकर जावे आणि मूळ प्रवेश नोंदवहीतील पानाची प्रत मागावी. दुरुस्तीच्या अर्जासोबत पासपोर्ट व दहावीचे प्रमाणपत्र जोडावे.

चकोर_२०
रुमाल उचलतो आता. माझा मेव्हणा आयटीआय प्लंबर, एक वर्षाचा ट्रेड. त्याला तिसरी वाट चालेल?

नेकारकाठी
नाही. दोन वर्षांची अट तिथेच आडवी येते. प्लंबर, वेल्डर, सुतार हे आपले एक वर्षाचे ट्रेड त्यात बसत नाहीत. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशन-एसी हे दोन वर्षांचे, ते बसतात. मेव्हण्याचं वय किती आणि जर्मन कुठवर आलंय ते लिहा, मग आउसबिल्डुंगचं बघू. त्याबद्दल पुणेकर सविस्तर सांगतील.

कट्टर_पुणेकर
सांगतो. व्यनि करा.